रेक्झीनची गदा

सुरतेत लिंबायतला रेल्वेखालच्या गरनाळ्याच्या बोगद्यातून बाहेर पडलं की डाव्या हाताला बन्सीलाल बोरसेची पत्र्याची टपरी होती. रिक्षांच्या गाद्या, हूड, स्कूटरची सीट असलं काम तो करायचा. बाहेर कायम एखाद-दुसरी उघडीबोडकी रिक्षा उभी असायची आणि आत बन्सीलाल मशीनवर वाकून रेक्झीन शिवत असायचा. मी तेव्हा महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते. त्याची मुलगी जयश्री माझ्या वर्गात होती, त्यामुळे ओळख झाली आणि पुढे ती घरोब्यासारखी वाढली. मी सांगते आहे त्यातलं काही माझ्या डोळ्यांसमोर घडलं. काही बन्सीलालनं सांगितलं, तेही फार उशिरा, आणि काही जयश्रीनं.

बन्सीलाल मूळचा शिंदखेडा तालुक्यातला. हिलाल त्याच्याच गावचा, त्याच्याच गल्लीतला. दोघं मिसरूड फुटायच्या वयात एकदमच सुरतेला आले, एका खोलीत राहिले, एकाच कापड कारखान्यात लूमवर लागले. बन्सीलालला त्या खडखडाटानं कानात दडे बसायचे, रात्ररात्र डोकं दुखायचं. शेवटी त्यानं लूम सोडला आणि एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली गाद्या शिवायला शिकला. हिलाल मात्र लूमवरच राहिला. लग्नं झाली तेव्हा दोघांनी खोल्या घेतल्या त्याही पाठीला पाठ लावून. मधली भिंत इतकी पातळ होती की बन्सीलालची बायको रुक्मिणी इकडून हाक मारायची आणि हिलालची अनुसया तिकडून ओ द्यायची.

हिलाल अंगानं थोराड, आवाज भरदार, बोलणं कमी. बन्सीलाल काटकुळा आणि तापट. राग आला की तो दिवसदिवस कुणाशी बोलत नसे, आणि राग कशाचा तेही सांगत नसे. हिलालला ते ठाऊक होतं. तो नुसता टपरीत येऊन बसायचा, विडी ओढायचा, आणि निघताना म्हणायचा, "चाल, चहा पेऊत." तेवढ्यानं बन्सीलाल निवळायचा.

त्यांच्या गावाकडे एक जुनं सोंग होतं, थोरल्या-धाकट्याचं. दोन सख्खे भाऊ बापाच्या गादीवरून भांडतात, भरचौकात गदा घेऊन एकमेकांवर तुटून पडतात. धाकटा दमतो, पडतो. थोरला गदा उगारतो, आणि मग ती टाकून देऊन धाकट्याला उचलून कवटाळतो. एवढंच. पण ढोल-डफाच्या ठेक्यावर ते बघताना बायका डोळ्यांना पदर लावायच्या. लिंबायतच्या मंडळानं गणपतीत हे सोंग सुरू केलं तेव्हा हिलाल थोरला झाला आणि बन्सीलाल धाकटा. दुसरं कुणी व्हायचा प्रश्नच नव्हता.

गदा लाकडाच्या होत्या, गावाहून आणलेल्या. लाकडाच्या गदेनं खरं भांडता येत नाही. प्रत्येक वार आधी ठरलेला असतो, गदेवर गदा आपटायची, अंगाला लागू द्यायची नाही. पण एका वर्षी ठेका चुकला आणि बन्सीलालची गदा हिलालच्या उजव्या हातावर बसली. बोट मोडलं, सुजून टम्म झालं. लूमवर धागा तुटला की चुटकीसरशी गाठ मारावी लागते, मोडलेल्या बोटानं ती कशी मारणार? हिलालला बरेच दिवस घरी बसावं लागलं. तो एका शब्दानं बोलला नाही. बन्सीलाल मात्र रोज संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन उभा राहायचा आणि बोटाकडे बघत राहायचा.

त्याच वर्षी त्यानं फोमची गदा करायला घेतली.

सामान टपरीत पडलेलंच होतं. गाद्यांना बेतून उरलेले फोमचे तुकडे, रेक्झीनची कात्रणं, चिकटवायचं सोल्यूशन. दांड्यासाठी त्यानं आधी बांबू घेतला, पण तो चिरफळेल म्हणून टाकून दिला आणि वीजवाल्यांची प्लॅस्टिकची पातळ नळी आणली. नळीचं तोंड उघडं राहिलं तर ते फोममधून बाहेर टोचणार, म्हणून ट्यूबच्या रबराचा बोळा करून ते बंद केलं, वर पुन्हा रबर गुंडाळलं. नळी गदेच्या माथ्यापर्यंत नेलीच नाही, गोळ्याच्या पोटातच थांबवली. गोळा करताना आत टणक फोम, बाहेर मऊ, असे थरावर थर चिकटवले आणि मोठ्या कात्रीनं हळूहळू कातरत त्याला भोपळ्यासारखा आकार दिला. वर सोनेरी रेक्झीन, त्यावर लाल पट्ट्या.

पहिली गदा फसली. रेक्झीन इतकं घट्ट शिवलेलं की आतली हवा कोंडली. गदा फुटबॉलसारखी टणटणीत झाली आणि मांडीवर मारून बघितली तर वळ उठला. बन्सीलालनं ती उसवली. दुसऱ्या वेळी शिवणीशेजारी दाभणानं बारीक भोकं पाडली, म्हणजे वार बसला की हवा निघून जाईल. मग त्यानं रुक्मिणीला बोलावलं आणि पाठ वळवून उभा राहिला.

"मार," तो म्हणाला.

तिनं लाजत लाजत एक टेकवली. तो म्हणाला, अशी नाही, नीट मार. तिनं जरा जोरात मारली. फट्ट असा मोठा आवाज झाला आणि बन्सीलाल हसायला लागला, लागलं काहीच नव्हतं. मग रुक्मिणीला चेव आला. टपरीबाहेरचे रिक्षावाले बघत होते आणि ती नवऱ्याला पाठीवर, दंडावर, कमरेवर बदडत होती आणि दोघंही हसत होती. ही गोष्ट रुक्मिणीनंच मला सांगितली. त्यांच्या संसारातला तो फार आनंदाचा दिवस होता असं ती म्हणायची.

पुढच्या गणपतीत सोंगाचा रंगच पालटला. आता वार अंगावर घेता येत होते. हिलाल पाठीवर फटका बसला की ओरडत मांडवभर धावायचा, बन्सीलाल उडी मारून त्याच्या खांद्यावर गदा हाणायचा. रेक्झीनचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जायचा आणि लोक शिट्ट्या मारायचे. शेवटी धाकटा खाली पडायचा, थोरला त्याला उचलायचा, तेव्हा सगळा मांडव गप्प. उधन्याहून, कोसाडहून माणसं हे बघायला येऊ लागली. दुसऱ्या मंडळांनी बन्सीलालकडे तलवारी मागितल्या, भाले मागितले. तो आनंदानं करून द्यायचा. पण त्या दोन गदा दर वर्षी नव्या फोमनं भरून तो स्वतः तयार करी, त्यांना दुसऱ्याचा हात लागू देत नसे.

याच काळात कधीतरी दोघांनी एकमेकांना शब्द दिला. हिलालचा मुलगा चेतन आणि बन्सीलालची जयश्री. बैठक नाही, सुपारी नाही. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी बाजेवर बसून आंब्याचा रस खाताना बोलणं झालं आणि दोघांच्या लेखी ते पक्कं झालं. मुलं लहान होती, त्यांना कुणी विचारलं नाही. पण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. जयश्री पाण्याच्या नळावर गेली की बायका अनुसयेकडे बघून हसायच्या.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात जयश्री बारावी झाली. चेतन आयटीआय करून हजिऱ्याकडे फिटर म्हणून लागला होता. बन्सीलालनं मनातल्या मनात दिवाळीनंतरचे मुहूर्त धरले. हिलाल स्वतःहून विषय काढेल म्हणून तो वाट बघत राहिला. मुलाच्या बापानं आधी बोलायचं, असा त्याचा हिशेब. श्रावण आला. हिलाल काही बोलेना. टपरीत यायचा, विडी ओढायचा, आणि इकडचं तिकडचं बोलून जायचा.

मग एके दिवशी गादी शिवायला आलेल्या गावच्याच एका रिक्षावाल्यानं सहज विचारलं, चेतनची सोयरीक नंदुरबारला जमली म्हणे, तुम्ही होतात का कुंकवाला?

बन्सीलालनं मशीन थांबवली नाही. नव्हतो, एवढंच म्हणाला. घरी येऊन त्यानं रुक्मिणीला सांगितलं आणि बजावलं की भिंतीपलीकडे हाक मारायची नाही. हिलाल संध्याकाळी आला तेव्हा तो पाठ करून बसला.  हिलालनं चहाचं विचारलं. बन्सीलालनं कात्री उचलली आणि फोम कातरत राहिला. हिलाल उठून गेला.

रागाच्या भरात बन्सीलालनं आणखी एक गोष्ट केली. जयश्रीला नर्सिंगला जायचं होतं. वर्षभर ती मागे लागली होती आणि तो नाही म्हणत होता, कारण लग्न व्हायचं होतं. आता तो म्हणाला, जा, शीक, मोठी हो, त्यांना कळू दे कुणाला नाकारलं ते. अर्ज भरायला तिला घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे तांबारलेले होते. मला वाटलं, पोरगी शिकते आहे, चांगलं झालं. जयश्री मान खाली घालून उभी होती. मी ते लाजणं समजले.

गणपती आले. लोकांना वाटलं यंदा सोंग होत नाही, पण बन्सीलालनं नाही म्हटलं नाही. गदा त्यानं नेहमीसारख्या भरल्या. तालमीला दोघं आले नाहीत. गरजही नव्हती म्हणा, इतक्या वर्षांचं पाठ होतं.

सोंगाच्या दिवशी मी बायकांच्या बाजूला बसले होते. जयश्री माझ्यापुढे, रुक्मिणीच्या शेजारी. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर पाहुणे होते, चेतनचे होणारे सासरे आणि त्यांचे भाऊ, नंदुरबारहून खास आलेले. व्याह्याचं सोंग बघायला हिलालनंच त्यांना बोलावलं असावं. ढोल सुरू झाला. थोरला आला, धाकटा आला. पहिले काही वार नेहमीसारखे पडले आणि लोक खूश झाले.

मग धाकट्यानं पडायची वेळ आली आणि बन्सीलाल पडला नाही.

त्यानं गदा दोन्ही हातांत धरून हिलालच्या डोक्यावर मारली. मुकुट उडाला. लोक हसले, त्यांना तो नवा खेळ वाटला. त्यानं तोंडावर मारली. पाठीवर मारली, कानशिलावर मारली, पुन्हा तोंडावर मारली. फट्ट फट्ट आवाज होत होता. ढोलवाला गोंधळून ठेका चुकला आणि मग थांबलाच. आता फक्त रेक्झीनचा आवाज येत होता आणि बन्सीलालचा श्वास. हिलालनं स्वतःची गदा खाली केली होती. तो मार चुकवतही नव्हता. तोंडाचा रंग गालावर फासला गेला होता आणि तो नुसता उभा होता.

कुणी मध्ये पडलं नाही. मऊ गदा होती, रक्त नव्हतं, वळ नव्हता. थांबवायचं तरी काय म्हणून?

बन्सीलाल दमला तेव्हा त्यानं गदा टाकली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "शब्द दिन्हा व्हता तू. मन्ही पोरना शब्द दिन्हा व्हता, आनि फिरना."

हिलालनं एकदा बायकांच्या बाजूला बघितलं. मला वाटलं अनुसयेकडे बघतोय. मग तो वाकला, मुकुट उचलला आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेला. नंदुरबारचे पाहुणे खुर्च्यांवरून उठले.  मी जयश्रीच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो तिनं झटकला.

पाहुण्यांनी ती सोयरीक मोडली. दुसऱ्या घराला शब्द देऊन फिरलेल्या माणसाच्या घरात मुलगी देत नाही, असं त्यांनी कळवलं.  बन्सीलालला ते समजलं त्या दिवशी तो पोटभर जेवला, असं रुक्मिणी सांगते.

गणपती विसर्जन झाले आणि चार दिवसांत सुरतेत प्लेगची बातमी फुटली.

त्या दिवसांचं काय सांगायचं. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, औषधांच्या दुकानांपुढे झुंबड, उधन्याच्या स्टेशनावर डब्यांच्या टपांवर चढणारी माणसं. लिंबायतच्या गल्ल्या बघता बघता रिकाम्या झाल्या. बन्सीलालची टपरी उघडी होती. कामाला कुणी येत नव्हतं, तरी तो मशीनवर बसून होता. रुक्मिणी गावी जाऊ म्हणून रडत होती.

दुपारी हिलाल आला. त्याच्या ओळखीच्या एका माणसाचा टेम्पो शहराबाहेर कडोदऱ्याहून निघत होता, सामान काढून माणसांसाठी जागा केली होती. तो टपरीच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "बन्स्या, टेम्पोमा जागा शे. वहिनीले नि पोरले बठाडी दे. तू बी चाल."

बन्सीलालनं वर बघितलं नाही.

हिलाल म्हणाला, माझ्याशी नको बोलू, पण त्यांना पाठव. बन्सीलालनं मशीनचं चाक फिरवलं. सुईखाली काहीच नव्हतं, नुसती मशीन चालत होती. हे त्यानं स्वतःच मला पुढे सांगितलं. म्हणाला, "बाई, सुईखाली कापडबी नव्हतं. तरी मी पाय मारत राहिलो."

टेम्पो गेला. दोन दिवसांनी हे तिघं चालत कडोदऱ्यापर्यंत गेले आणि तिथून एका ट्रकनं, कापडाच्या गाठींवर बसून, नवापूरपर्यंत. रुक्मिणीला वाटेत ताप भरला. तो साधाच निघाला, पण नवापूरच्या नाक्यावर तपासणीत तिला खाली उतरवून बसवलं तेव्हा बन्सीलालचं धाबं दणाणलं होतं.

दिवाळीच्या आसपास माणसं परतली. लूम पुन्हा खडखडू लागले. हिलाल परत आला नाही. त्याच्या खोलीत ओरिसाची पोरं राहायला आली. कळलं की तो दोंडाईच्याजवळ एका जिनिंगमध्ये कामाला लागलाय, चेतननंही हजिऱ्याचं काम सोडून तिकडेच मोटारदुरुस्तीचं काम धरलंय. बन्सीलाल ज्याला त्याला सांगायचा, तोंड दाखवायला जागा नाही म्हणून आला नाही. हे तो इतक्यांदा सांगायचा की ऐकणारे विषय बदलायचे. सोंग बंद पडलं. मंडळानं ऑर्केस्ट्रा आणायला सुरुवात केली. बन्सीलाल तलवारी-भालेही करून देईनासा झाला, फोम परवडत नाही असं कारण सांगायचा.

जयश्रीचं शिक्षण सत्त्याण्णव साली पुरं झालं. तिला एका खासगी दवाखान्यात काम मिळालं तेव्हा बन्सीलालनं गल्लीत पेढे वाटले. घरी जेवायला बसले होते, मीही होते त्या दिवशी. दुपारची वेळ, दार उघडं. बन्सीलाल खुशीत होता आणि खुशीतच म्हणाला, तो हिलाल फिरला ते बरंच झालं, नाहीतर माझी पोरगी आज भाकऱ्या बडवत बसली असती.

जयश्रीनं घास ताटात ठेवला.

"आप्पा, काका फिरले नाहीत. मी फिरले."

मग तिनं सांगितलं. बारावीच्या निकालानंतर ती हिलालला कारखान्याच्या फाटकापाशी गाठायला गेली होती. पाळी सुटली तेव्हा तो घामानं निथळत बाहेर आला. ती म्हणाली, काका, मला लग्न नको, मला नर्सिंग करायचं आहे, आणि चेतन मला भावासारखा आहे. पण मी आप्पांना सांगितलं तर ते माझं शिकणंच बंद करतील. हिलालनं ऐकून घेतलं. तिला नाक्यावर उसाचा रस पाजला आणि म्हणाला, तू घरी काही बोलू नको, नाही मी म्हणेन. बन्स्या माझ्यावर चिडेल, महिना-दोन महिने बोलणार नाही. ते मला सवयीचं आहे.

त्यानं चेतनची सोयरीक घाईनं दुसरीकडे जमवली ती एवढ्यासाठी. मांडवात तो बायकांच्या बाजूला बघत होता, ते जयश्रीकडे. ती गप्प राहावी म्हणून. आणि ती गप्प राहिली. त्या दिवशी भीतीनं, आणि नंतर लाजेनं.

बन्सीलाल ताटावरून उठला नाही. हात वाळेपर्यंत तसाच बसला. रुक्मिणी जयश्रीला बोलायला लागली, तर त्यानं तिला हातानं थांबवलं. मला वाटलं होतं तो पोरीवर ओरडेल. तो फक्त म्हणाला, "तुला काय बोलू? तू मला सांगू शकली नाही, असा बाप मी."

आखाजीला तो गावी गेला. एकटाच. ती भेट त्यानं मला कितीतरी वेळा सांगितली, दर वेळी तीच, काही न वाढवता. हिलाल अंगणात बाजेवर बसला होता. केस पांढरे झालेले, अंग उतरलेलं. बन्सीलालला बघून तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, या बन्सीभाऊ. जन्मात त्यानं कधी बन्सीभाऊ म्हटलं नव्हतं.

पाणी आलं, चहा आला. हिलालनं न विचारताच कापसाचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं. बन्सीलालला तोंड उघडायला वावच मिळेना. शेवटी तो खाली मातीत बसला आणि म्हणाला, पोरीनं मला सगळं सांगितलं. त्या दिवशी तू का बोलला नाहीस?

"पोर व्हती ना तठे," हिलाल म्हणाला.

बन्सीलालनं त्याचे पाय धरले. हिलालनं त्याला वर उठवलं, पण कवटाळलं नाही. खांद्याला धरून बाजेवर बसवलं आणि म्हणाला, "लागनं नही माले. मऊच व्हती ती."

अनुसया तोवर बाहेर आली नव्हती. आता ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "भावजी, त्यासले लागनं नही. आमले लागनं." चेतनचं लग्न पुढे दोन वर्षं कुठे जमलं नव्हतं. जिथं जावं तिथं नंदुरबारची गोष्ट आधी पोचलेली. शेवटी जमलं ते लांबच्या गावी. एवढं सांगून ती आत गेली आणि हिलालनं तिला थांबवलं नाही.

बन्सीलाल म्हणाला, सुरतेला चल, मंडळाला सांगतो, चारचौघांत सगळं सांगतो, पुन्हा सोंग करू. हिलाल हसला. गुडघे गेले आता, म्हणाला. आणि चारचौघांत सांगायचं म्हणजे पोरीचंच नाव घ्यायचं ना. राहू दे.

त्यानंतर बन्सीलाल दर आखाजीला जाऊ लागला. हिलाल दर वेळी हात जोडून उठायचा, चहा पाजायचा, निघताना आंबे बांधून द्यायचा. कुठेही कमी पडायचा नाही. बन्सीलाल म्हणायचा, त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी गाडीत नाचत आलो असतो.

नव्याण्णवच्या मार्गशीर्षात जयश्रीचं लग्न झालं. मुलगा तिच्याच दवाखान्यात तपासणी खोलीत कामाला होता, तिनंच घरी सांगितलं आणि बन्सीलालनं एका वाक्यात हो म्हटलं. हिलालला पत्रिका द्यायला ती स्वतः गावी जाऊन आली.

हिलाल आला. अनुसया नाही आली. पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून तो मांडवात मागे बसला. अक्षता पडल्या तेव्हा जयश्री नवऱ्याला घेऊन आधी त्याच्या पाया पडली, मग बापाच्या. बन्सीलालनं ते पाहिलं आणि बरं वाटलं त्याला. पंगतीत आपल्या शेजारी हिलालसाठी पाट राखून ठेवला होता. पण जेवणाची वेळ झाली तेव्हा हिलाल कुठेच दिसेना. कुणीतरी म्हणालं, दुपारची गाडी गाठायला गेले.

बन्सीलाल फेटा बांधलेलाच रिक्षात बसला आणि उधन्याला गेला. हिलाल फलाटाच्या शेवटी बाकावर बसला होता. मांडीवर पिशवी. बन्सीलाल जाऊन शेजारी बसला.  जेवला नाहीस, एवढं म्हणाला. हिलाल म्हणाला, घरी अनुसया एकटी आहे, उशीर नको. समोरच्या रुळांवर मालगाडीचे डबे जात होते, ते दोघं बघत बसले.

गाडी आली. हिलाल उठला, दारापाशी गर्दी होती म्हणून जरा थांबला, आणि बन्सीलालच्या फेट्याचं सुटलेलं टोक त्यानं आत खोचून दिलं.

"जा आते," तो म्हणाला. "पोर वाट देखत व्हई."

बन्सीलाल गाडी हलेपर्यंत उभा राहिला. हिलालला खिडकीजवळ जागा मिळाली नव्हती, आत कुठेतरी तो उभा असणार. गाडी गेल्यावर बन्सीलाल पुलावरून बाहेर आला, रिक्षा केली आणि लग्नघरी परतला. आम्ही सगळे पाठवणीसाठी त्याचीच वाट बघत होतो.